तेल शुद्ध करणारी कंपनी स्वच्छ ऊर्जेकडे वळते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिफायनरीच्या हायड्रोट्रीटर युनिटवर, म्हणजे हायड्रोजन देऊन डिझेलमधलं गंधक काढतात त्या युनिटवर, मी बरीच वर्षं काढली. पुढे त्याच युनिटमध्ये क्रूडच्या (जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलाच्या) मालाऐवजी चरबी आणि वापरलेलं खाद्यतेल सोडायचं ठरलं, तेव्हाही मी तिथेच होतो. तेव्हापासून शेअर घेणारे मित्र, शिकणारी मुलं आणि शेजारीपाजारी तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हा खटाटोप.

तेल गाळणाऱ्या कंपनीला हे करायची गरजच काय?

रिफायनरी एकदा उभी राहिली की पन्नास-साठ वर्षं चालते. आज कोट्यवधींचं नवं युनिट टाकताना विचार करावा लागतो तो २०५० सालच्या गिऱ्हाइकाचा. विजेच्या गाड्या वाढल्या की सगळ्यात आधी पेट्रोलची मागणी घसरते, डिझेलची त्यामागून, आणि विमानाच्या इंधनाची सगळ्यात शेवटी. कारखाना मात्र एका बॅरलमधून म्हणजे १५९ लिटरांतून हे सगळंच काढतो. एकाचं गिऱ्हाईक गेलं म्हणून फक्त तेवढंच बनवणं थांबवता येत नाही, आणि सगळं गणित तिथून बिघडायला लागतं.

दुसरं कारण कायद्याचं. युरोपीय संघाने विमान इंधनात शाश्वत इंधनाचा, म्हणजे खनिज तेलाऐवजी वापरलेलं तेल, चरबी अशांपासून बनवलेल्या इंधनाचा, किमान वाटा सक्तीचा केला आहे: २०२५ मध्ये २ टक्के, २०३० मध्ये ६ आणि २०५० मध्ये ७० टक्के. अशी सक्ती आली की बाजार तयार होतो आणि कंपनी तिकडे धावते. यात गैर काही नाही. चांगुलपणावर चालणाऱ्या प्रकल्पापेक्षा कायद्यावर चालणारा प्रकल्प जास्त टिकतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

‘स्वच्छ ऊर्जा’ म्हणजे यात नेमकं काय काय येतं?

वार्षिक अहवालात सगळं एकाच हिरव्या पानावर असतं, पण त्यात फार वेगवेगळ्या गोष्टी असतात. तेल-चरबीपासून डिझेल आणि विमान इंधन, पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल, हरित हायड्रोजन (स्वच्छ विजेने पाण्यातून काढलेला), कार्बन पकडून जमिनीखाली साठवणं, सौर आणि पवन वीज, गाड्यांची चार्जिंग केंद्रं. पहिली चार रिफायनरीच्या मूळ कसबाशी जुळतात. शेवटची दोन कुठलीही पैसेवाली कंपनी करू शकते, त्यासाठी रिफायनरी असावी लागत नाही. म्हणून मी पहिल्या चारांवर जास्त लिहिणार आहे.

जुन्या रिफायनरीत वनस्पती तेल टाकून डिझेल कसं निघतं?

रिफायनरीची खरी पुंजी म्हणजे तिचे उंच मनोरे नव्हेत. जास्त दाबाखाली, तीनशे-साडेतीनशे अंश तापमानात हायड्रोजन सुरक्षितपणे हाताळता येणं, ही तिची पुंजी. डिझेलमधलं गंधक काढण्यासाठी हे काम रोज चालूच असतं.

वनस्पती तेल आणि प्राण्यांची चरबी यांचा रेणू डिझेलच्या रेणूसारखाच लांब साखळीचा असतो. मुख्य फरक हा की त्यात ऑक्सिजन असतो, वजनाने सुमारे ११ टक्के. हायड्रोजनच्या दाबाखाली उत्प्रेरकावरून (रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थावरून) हे तेल सोडलं की ऑक्सिजन पाणी आणि कार्बनचे ऑक्साइड होऊन निघून जातो, प्रोपेन वायू सुटतो आणि मागे सरळ साखळीचा हायड्रोकार्बन उरतो. पहिल्यांदा प्रयोगशाळेत नमुना आला तेव्हा आम्ही बाटली उजेडात धरून पाहिली. आत गेलेलं तेल चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं, बाहेर आलेलं पाण्यासारखं नितळ. वासही नाही. थोड्या वेळाने ती बाटली गार खोलीत ठेवली तर आतला द्रव मेणासारखा थिजला! अठरा कार्बनची सरळ साखळी २८ अंशांनाच गोठते. म्हणून पुढे आणखी एक पायरी लागते. तिथे साखळीला फांद्या फोडतात आणि मग इंधन कडाक्याच्या थंडीतही वाहतं राहतं.

कागदावर हे सोपं दिसतं. युनिटवर मात्र तीन गोष्टी जीव खातात. एक, ही क्रिया खूप उष्णता सोडते, त्यामुळे रिअॅक्टरमध्ये मधेमधे गार हायड्रोजन सोडावा लागतो. दोन, चरबीतली मोकळी आम्लं साध्या पोलादाच्या पाइपांना खातात, म्हणून कितीतरी पाइप बदलावे लागतात. तीन, फॉस्फरस आणि धातूंचे अंश उत्प्रेरकाला चोंदवतात, म्हणून आधी तेल धुऊन-गाळून घ्यायचं वेगळं युनिट बांधावं लागतं. आमच्याकडे सुरुवातीला पंपाची जाळी वारंवार चोंदायची. उघडून पाहिलं तर पांढऱ्या चरबीच्या थरात प्लास्टिकचे बारीक तुकडे. कुठल्यातरी खाटिकखान्यातल्या वेष्टनांचं प्लास्टिक चरबीबरोबर वितळून आमच्यापर्यंत आलेलं. क्रूडवर काम करताना असलं काही कधी पाहिलं नव्हतं.

आणखी एक गंमत. आयुष्यभर आम्ही गंधक काढत आलो. पण या उत्प्रेरकाला काम करायला थोडं गंधक लागतं आणि वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतंच. म्हणून आता गंधकाचं संयुग मुद्दाम आत सोडावं लागतं.

हे कुठे खरोखर झालं आहे का?

हो. फिनलंडच्या नेस्टे कंपनीने २००७ मध्ये पोर्वो इथे अशा इंधनाचं पहिलं युनिट सुरू केलं, मग २०१० मध्ये सिंगापूर आणि २०११ मध्ये रॉटरडॅम. इटलीच्या एनीने व्हेनिसजवळच्या पोर्तो मार्गेरा इथली रिफायनरी २०१४ मध्ये बदलली. जुनी रिफायनरीच जैविक कच्च्या मालावर नेण्याचं जगातलं ते पहिलं उदाहरण मानतात. सिसिलीतली जेला रिफायनरी २०१९ मध्ये त्याच वाटेने गेली. फ्रान्समधल्या ला मेद इथे टोटल कंपनीने २०१६ च्या अखेरीस क्रूड बंद केलं आणि २०१९ मध्ये जैविक रिफायनरी चालू केली. कॅलिफोर्नियातल्या रोडिओ इथे फिलिप्स ६६ कंपनीने २०२४ मध्ये क्रूड पूर्ण थांबवलं.

वाट थोडी वेगळी असलेलं उदाहरण पानिपतचं. तिथल्या रिफायनरीजवळ इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल बनवण्याची त्याची क्षमता ठेवली आहे. पेंढा म्हणजे काही टँकरने येणारं तेल नव्हे. तो वर्षातून काही आठवडेच मिळतो, जागा खातो, भिजतो, पेट घेतो. अशा कारखान्यात रसायनशास्त्राइतकीच गोदामाची आणि वाहतुकीची कसोटी लागते.

म्हणजे हे बायोडिझेलच ना?

नाही, आणि ही गल्लत फार होते. बायोडिझेल म्हणजे तेलाची मिथेनॉलशी क्रिया करून बनवलेलं एस्टर. त्यात ऑक्सिजन तसाच राहतो. ते थंडीत गोठतं, साठवणीत खराब होतं, म्हणून ठरावीक प्रमाणातच मिसळतात. हायड्रोजन देऊन बनवलेलं नवीकरणीय डिझेल हे रासायनिकदृष्ट्या खरंखुरं हायड्रोकार्बन असतं. त्याचा सीटेन अंक, म्हणजे इंजिनात ते किती चटकन पेट घेतं याचं माप, ७० च्या वर जातो. युरोपात साध्या डिझेलला किमान ५१ लागतो.

एवढं तेल आणि चरबी येणार कुठून?

सगळ्यात कठीण प्रश्न हाच, आणि कंपन्या याचं उत्तर सगळ्यात कमी शब्दांत देतात.

वापरलेलं खाद्यतेल, खाटिकखान्यातली चरबी, तेल गिरणीतला साका हा खरा टाकाऊ माल. पण तो लागेल तेवढा मिळत नाही. लोक काही आमच्या रिफायनरीसाठी जास्त भजी तळणार नाहीत. मग पुरवठा कमी पडला की नजर ताज्या तेलाकडे वळते: सोयाबीन, मोहरीच्या जातीचं रेपसीड, पाम. इथून दोन संकटं सुरू होतात. ताटातलं तेल टाकीत जातं आणि पामसाठी जंगल तुटतं. जंगल तोडून लावलेल्या पामच्या तेलाचं डिझेल हवामानाच्या हिशेबात खनिज डिझेलपेक्षाही वाईट ठरू शकतं, कारण झाडांत आणि दलदलीच्या जमिनीत साठलेला कार्बन आधी हवेत जातो. युरोपीय संघाने म्हणूनच असा जास्त जोखमीचा कच्चा माल २०३० पर्यंत हिशेबातून बाद करायचं ठरवलं.

फसवणुकीचाही धोका आहे. वापरलेल्या तेलाला ताज्यापेक्षा जास्त किंमत मिळायला लागली की ताजं तेलच ‘वापरलेलं’ म्हणून खपवायचा मोह होतो. टँकरमधला नमुना तपासून ते तेल कढईतून आलंय की थेट गिरणीतून, हे दरवेळी ठामपणे सांगता येत नाही. म्हणून कागदपत्रांची साखळी, म्हणजे कोणी गोळा केलं, कुठे वजन झालं, कोणाला विकलं, ही रासायनिक तपासणीइतकीच महत्त्वाची. कोणत्याही कंपनीबद्दल मला मत विचारलं तर मी आधी तिचा खरेदी विभाग कसा आहे ते पाहतो, मग रिअॅक्टर.

विमानाचं इंधनही असंच बनतं?

बहुतांश असंच. साखळ्या जरा जास्त तोडायच्या आणि गोठणबिंदू खूप खाली आणायचा. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये. या पद्धतीच्या इंधनाला २०११ मध्ये मान्यता मिळाली, पण खनिज इंधनात ५० टक्क्यांपर्यंतच मिसळायची. लोकांना वाटतं ही मर्यादा तेल कंपन्यांच्या दबावामुळे आहे. तसं नाही. या इंधनात अॅरोमॅटिक संयुगं (खनिज इंधनात असणारे कड्याच्या आकाराचे हायड्रोकार्बन) नसतात, आणि विमानाच्या इंधनवाहिन्यांमधली रबरी सीलं त्या संयुगांमुळे थोडी फुगून घट्ट बसलेली असतात. ती आक्रसली तर गळती. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हर्जिन अटलांटिकचं विमान लंडनहून न्यूयॉर्कला १०० टक्के शाश्वत इंधनावर गेलं, तेव्हा त्या इंधनात १२ टक्के जैविक अॅरोमॅटिक संयुगं मुद्दाम मिसळली होती.

प्रमाण मात्र लक्षात ठेवा. २०२४ मध्ये जगभरात असं इंधन सुमारे १० लाख टन बनलं. विमानांच्या एकूण इंधनाच्या ते ०.३ टक्के होतं.

हरित हायड्रोजनबद्दल एवढं बोललं जातं, त्यात रिफायनरीचा काय संबंध?

रिफायनरी हायड्रोजनची जुनी आणि मोठी गिऱ्हाईक आहे. २०२३ मध्ये जगात सुमारे ९.७ कोटी टन हायड्रोजन वापरला गेला, त्यातला चार कोटी टनांहून जास्त रिफायनऱ्यांनी. तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू, कोळसा किंवा तेलापासून येतो. वायूपासून एक किलो हायड्रोजन बनवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून हरित हायड्रोजन पहिल्यांदा वापरायला रिफायनरीइतकी योग्य जागा नाही. नवी गाडी नको, नवा पंप नको, पाइप आधीच तयार आहे. आत जाणारा वायू बदलायचा, बस.

अडचण विजेची. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. वर्षाला १०,००० टनांचा प्रकल्प घ्या. ५५ कोटी युनिट झाली. ही फक्त सौरऊर्जेतून आणायची तर अडीचशे मेगावॉटच्या आसपास पॅनेल आणि सुमारे हजार एकर जमीन हवी, शिवाय रात्रीची सोय वेगळी. आणि मोठ्या रिफायनरीला १०,००० टन म्हणजे काहीच नाही. जर्मनीत कोलोनजवळ शेल या तेल कंपनीच्या ऱ्हाइनलँड रिफायनरीत २०२१ मध्ये १० मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्याचं विघटन करणारं यंत्र, सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला जास्तीत जास्त १,३०० टन, तर रिफायनरीची गरज वर्षाला सुमारे १,८०,००० टन. एक टक्कासुद्धा नाही! तरीही मी त्या प्रकल्पाला नावं ठेवणार नाही. त्यानंतर तिथेच १०० मेगावॉटच्या इलेक्ट्रोलायझरचा निर्णय झाला, आणि दहावर हात बसल्याशिवाय शंभर चालवता येत नाही.

वीज कुठली, हे मात्र जरूर विचारा. कोळशाच्या विजेवर इलेक्ट्रोलायझर चालवला तर तो हायड्रोजन वायूपासून बनवलेल्यापेक्षा जास्त काळा ठरतो.

त्याला पाणी खूप लागत असेल?

विघटनासाठी किलोमागे नऊ लिटर, शुद्धीकरण आणि थंड करणं धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट. रिफायनरीच्या कूलिंग टॉवरमधून रोज उडून जाणाऱ्या पाण्यापुढे हा आकडा मोठा नाही. दुष्काळी भागात मात्र थोडंही पाणी कोणाचं तरी असतं, तेव्हा स्रोत विचारायलाच हवा.

कार्बन पकडून जमिनीत गाडण्याचा प्रकार कितपत खरा?

तंत्र खरं आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात क्वेस्ट प्रकल्प नोव्हेंबर २०१५ पासून चालू आहे. बिटुमनपासून (डांबरासारख्या घट्ट तेलापासून) तेल बनवणाऱ्या कारखान्याच्या हायड्रोजन युनिटमधून तो वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडतो आणि दोन किलोमीटर खोल खारट पाण्याच्या खडकात सोडतो. हायड्रोजन युनिटमधला वायू दाबाखाली आणि बऱ्यापैकी दाट असतो, म्हणून तिथे जमतं. भट्ट्यांच्या धुराड्यांतला धूर पातळ, आणि धुराडी आवारभर विखुरलेली, म्हणून तिथे फार महाग पडतं. आणि हे सगळं करूनही गाडीच्या नळकांड्यातून निघणारा धूर पकडला जात नाहीच.

रिफायनरीच्या छपरांवर सौरपॅनेल लावलेत, त्याचं काय?

चांगलं आहे. कार्यालयाचे दिवे, एसी चालतील. क्रूडची भट्टी त्यावर चालत नाही.

मग कंपनी खरंच बदलतेय की नुसता देखावा, हे कसं ओळखायचं?

मी दोन शब्द वेगळे करतो: भर आणि बदल. जुनं तसंच ठेवून शेजारी काही नवं उभारलं तर ती भर. जुन्याच्या जागी नवं आलं तर तो बदल. बातम्यांमध्ये दोन्हींना एकच शब्द वापरतात, तो म्हणजे ‘विस्तार’.

रिफायनरी स्वतःच्या भट्ट्यांमध्ये आत आलेल्या क्रूडचा काही भाग जाळते. आम्ही त्याला ‘फ्युएल अँड लॉस’ म्हणतो, सहा ते दहा टक्क्यांच्या घरात. कंपनी ‘आम्ही निव्वळ शून्य होणार’ म्हणते तेव्हा पुष्कळदा एवढ्याच भागाबद्दल आणि विकत घेतलेल्या विजेबद्दल बोलत असते. पण एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि ते जळतं गिऱ्हाइकाच्या इंजिनात. तेलामागच्या एकूण उत्सर्जनाचा मोठा वाटा तिथे आहे. त्याला तिसऱ्या कक्षेतलं (स्कोप ३) उत्सर्जन म्हणतात; स्वतःच्या भट्ट्या ही पहिली कक्षा, विकत घेतलेली वीज ही दुसरी. लक्ष्यात ही तिसरी कक्षा आहे का, ते आधी पाहा.

मग भांडवली खर्चाचं पान उघडा. एकूण खर्चातला किती भाग स्वच्छ ऊर्जेवर गेला, आणि त्याच वर्षी क्रूड गाळण्याची क्षमता वाढली की घटली? दोन्ही आकडे शेजारी ठेवले की भाषणांची गरज उरत नाही. क्षमता वाढवणारी कंपनी खोटारडीच असते असं मी म्हणत नाही. मागणी वाढत असलेल्या देशात तिला दुसरा मार्ग नसेलही. पण मग तिने ते सरळ सांगावं.

मोठमोठ्या कंपन्या शब्द देऊन मागे का फिरतात?

बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०३० पर्यंत तेल-वायूचं उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करू. २०२३ मध्ये तो आकडा २५ टक्क्यांवर आणला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते लक्ष्यच सोडून दिलं. शेलने रॉटरडॅममधल्या वर्षाला ८,२०,००० टनांच्या जैवइंधन प्रकल्पाचं बांधकाम जुलै २०२४ मध्ये थांबवलं आणि २०२५ मध्ये तो रद्दच केला.

कारणं गूढ नाहीत. तेलाचे भाव चढले की जुना धंदा जास्त कमावून देतो आणि भागधारक तिकडेच खेचतात. जैवइंधनाचे भाव पडले आणि तेल-चरबीचे चढे राहिले की मधला नफा उरत नाही. सरकारने सवलत बदलली की पाच वर्षांचं गणित एका रात्रीत चुकतं. मला याचं वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणाने. प्रकल्प थांबतो तेव्हा तो शिकलेली माणसं पांगतात, आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

तिथे काम करणाऱ्यांचं काय होतं?

कसब वाया जात नाही. कंट्रोल रूमचा ऑपरेटर, पंप-कॉम्प्रेसरवाला, वेल्डर, तपासणी करणारा, प्रयोगशाळेतला केमिस्ट हे सगळे नव्या युनिटवरही लागतात. महिना-दोन महिन्यांच्या प्रशिक्षणात आमचे लोक तयार झाले. पण संख्या घटते, हेही सांगायला हवं. क्रूडची रिफायनरी म्हणजे पंधरा-वीस युनिटांचं गाव, जैविक रिफायनरी म्हणजे तीन-चार युनिटांची वाडी. कायम नोकरीवाल्यांना बदली, आधी निवृत्ती असं काही मिळतं. दर शटडाउनला, म्हणजे युनिट दुरुस्तीसाठी बंद असताना, येणारे कंत्राटी फिटर आणि मदतनीस कुठल्याच यादीत नसतात. बदलाच्या योजनेत त्यांचं नाव आधी यावं, असं माझं ठाम मत आहे.

या क्षेत्रात यायचं तर काय शिकावं?

केमिकल इंजिनिअरिंगचा पाया पक्का हवाच. त्याबरोबर उत्प्रेरक, धातूंचं गंजणं आणि हायड्रोजनची सुरक्षितता शिका. हायड्रोजनची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. विजेचा अभ्यासही करा, माझ्या पिढीच्या केमिकलवाल्यांनी तो कधी मनावर घेतला नाही.

रिफायनरी बदललीच नाही, कायमची बंद झाली तर त्या जागेचं काय होतं?

फिलाडेल्फियाचं उदाहरण सांगतो. तिथल्या नदीकाठच्या जुन्या रिफायनरीत २१ जून २०१९ रोजी स्फोट होऊन आग लागली आणि ती पुन्हा उघडली नाही. सुमारे १,३०० एकर जागा. तिथे शतकाहून जास्त काळ तेल साठवलं आणि गाळलं गेलं होतं, त्यामुळे माती आणि भूजल दोन्हींत तेल आणि बेंझीन हे विषारी रसायन मुरलेलं. आता तिथे गोदामं आणि प्रयोगशाळा उभ्या करायचं काम चालू आहे. त्याआधी मैलोन्मैल पाइप कापून काढावे लागले, टाक्या रिकाम्या करून पाडाव्या लागल्या, आणि जमिनीखालच्या पाण्याची तपासणी तर अजून बरीच वर्षं चालू ठेवावी लागेल. हा खर्च कोण देणार, हे रिफायनरी चालू असतानाच लेखी ठरलेलं असावं. नंतर विचारायला गेलं तर कंपनीची मालकी तोवर दोन-तीनदा बदललेली असते.